डिस्चार्जनंतर फोन कोण करतं?

कॅज्युअल्टीवाली (११ सप्टेंबर, सकाळी ९.१०)

काल १० सप्टेंबर, जागतिक आत्महत्या प्रतिबंध दिन. आमच्याकडे रॅली निघाली, बॅनर धरून फोटो झाला, चहा-बिस्किटं झाली. परत वॉर्डात आले तर सहा नंबरच्या बेडवरच्या मुलीशी सकाळपासून कोणी दोन वाक्यं बोललेलं नव्हतं. म्हणून हा धागा.

मी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. गाव सांगत नाही. चौदा वर्षं झाली, त्यातली निम्मी नाइटला गेली. जीव द्यायचा प्रयत्न करून वाचलेले पेशंट आमच्याकडे येतातच. आले की सगळे हलतात. डॉक्टर धावतात, सलाईन लागतं, एमएलसी (पोलीस केसच्या) रजिस्टरला नोंद होते, पोलिसांना इन्टिमेशन जातं, हवालदार जबाब घ्यायला येतो. फारच झालं तर १०८ बोलावून सिव्हिलला रेफर. तीन-चार दिवसांत माणूस उठून बसतो. मग नातेवाईक डामावर, म्हणजे डॉक्टरांचा सल्ला डावलून नेतोय अशा कागदावर, सही करून घेऊन जातात किंवा आम्हीच डिस्चार्ज देतो. डिस्चार्ज कार्डावर काय असतं? गोळ्यांची नावं आणि "सात दिवसांनी दाखवणे". तो ज्या कारणाने इथवर आला त्याबद्दल कार्डावर एक अक्षर नसतं.

त्या सहा नंबरच्या मुलीने जाताना विचारलं, "सिस्टर, नंतर काही वाटलं तर कुठे फोन करू?" मी दवाखान्याचा नंबर सांगितला. तो लँडलाइन दोन वर्षं बंद आहे, हे ती गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

तर प्रश्न एवढाच. तुमच्या दवाखान्यात, कंपनीत, गावात अशा माणसाला घरी गेल्यावर फोन कोण करतं? करत असाल तर कसा? भाषणं नकोत, प्लीज.

संपादक (११ सप्टेंबर, सकाळी ९.४०)

धागा चांगला आहे, चालू राहील. दोन गोष्टी पाळा: पद्धतींचा उल्लेख नको, आणि कुणाची ओळख पटेल असं काही लिहू नका. वाचताना कुणाला स्वतःचंच वाटलं तर टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर १४४१६. चोवीस तास चालू, फुकट, आणि मराठीत बोलतात.

निवांत_काका (११ सप्टेंबर, सकाळी १०.०५)

कटू वाटेल पण बोलतो. यातले निम्मे घरच्यांना घाबरवायला करतात. ज्याला खरंच मरायचं असतं तो सांगत नाही, की वाचतही नाही. त्यांना फोन करत बसलात तर आणखी चढतील.

ओपीडी_नंबर_२२ (११ सप्टेंबर, दुपारी २.३०)

काका, मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात. तुमचं वाक्य आठवड्यातून दोनदा ऐकतो, बहुतेक वेळा पेशंटच्या समोरच. "सांगणारा करत नाही" हे साफ चूक आहे. जाणाऱ्यांपैकी बरेच जण आधी कुणाला तरी काहीतरी बोललेले असतात. आणि एकदा प्रयत्न झालेला असणं हा पुढच्या धोक्याचा सगळ्यात ठळक इशारा. त्यामुळे सिस्टर ज्या कार्डाबद्दल लिहितायत ते ज्याच्या हातात आहे त्याची काळजी आपण सगळ्यात जास्त घ्यायला हवी, आणि नेमका तोच आपल्या हातून सुटतो.

सिस्टर, तुमच्या प्रश्नाला उत्तर आहे आणि ते जुनं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत एक अभ्यास केला, त्यात आपलं चेन्नई होतं. निकाल २००८ साली छापून आले. प्रयत्न करून इमर्जन्सीत आलेले १८६७ लोक. निम्म्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांना तेच उपचार, शिवाय घरी जाण्याच्या सुमारास तासभर बसून बोलणं आणि पुढच्या दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा भेट. बास, एवढंच. भारी औषध नाही, मशीन नाही. दीड वर्षाने पाहिलं तर पहिल्या गटातले १८ जण आत्महत्येने गेले होते, दुसऱ्यातले २. मी हे आकडे आमच्या एका मीटिंगमध्ये सांगितले तेव्हा पहिला प्रश्न आला, "फोनचं बिल कुठल्या हेडमध्ये टाकायचं?"

खाकीतला_माणूस (११ सप्टेंबर, रात्री ११.२०)

जबाब घ्यायला येणारा तो हवालदार म्हणजे मीच समजा. आमची बाजू सांगतो.

वॉर्डात गेलं की बाप हात जोडून उभा. "साहेब, चुकून झालं असं लिहा, पोरीचं लग्न व्हायचंय." मग आम्हीही लिहितो, चुकून. लोकांना अजून वाटतं गुन्हा दाखल होतो. पूर्वी दंडसंहितेत ३०९ कलम होतं, जीव द्यायचा प्रयत्न हाच गुन्हा, खरंय. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या ११५ कलमाने सांगितलं की प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, शिक्षा नाही, उलट त्याची काळजी घेणं सरकारचं काम. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात ३०९ सारखं कलमच ठेवलेलं नाही. सरकारी नोकरावर दबाव आणायला कोणी असं केलं तर त्याला वेगळं कलम आहे, ती गोष्ट निराळी.

एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. ३०९ घटनाबाह्य आहे असं मुंबई हायकोर्टाने १९८६ सालीच म्हटलं होतं आणि ती केस एका पोलीस शिपायाचीच होती. पुढे १९९६ ला सुप्रीम कोर्टाने कलम परत वैध ठरवलं. कागदावरून जायला मधे किती वर्षं गेली मोजा.

ओपीडी_नंबर_२२ (१२ सप्टेंबर, सकाळी ८.१५)

खाकीसाहेब, तुम्ही फार मोलाची गोष्ट बोलून गेलात. ते "चुकून" केस पेपरवर चढलं की पुढचे सगळे रस्ते बंद. चुकून झालं म्हटल्यावर ड्युटीवरचा डॉक्टर माझ्याकडे कशाला पाठवेल? घरचे म्हणतात, आम्ही वाचवलं तिला. आणि मला तर ती येऊन गेल्याचंही कळत नाही. शिवाय "मानसोपचार" म्हटलं की नातेवाइकांच्या डोळ्यासमोर थेट येरवडा नाहीतर ठाणे येतं. त्यामुळे मी "झोपेच्या डॉक्टरकडे" म्हणून पाठवा असं सांगून ठेवलंय. खोटं नाही, झोप तर उडालेलीच असते.

वऱ्हाडी_ठेचा (१२ सप्टेंबर, दुपारी १.००)

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यात आशांची गटप्रवर्तक आहे, म्हणजे त्यांच्या कामावर देखरेख करते. आमच्याकडे २०१५ पासून प्रेरणा प्रकल्प आला, चौदा जिल्ह्यांत. आशांनी घरोघर जाऊन विचारायचं, जोखीम दिसली की प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवायचं, १०४ या आरोग्य हेल्पलाइनला फोन लावून द्यायचा. कागदावर उत्तम आहे.

पहिल्या वर्षी आमच्या पोरी छापील प्रश्न वाचायच्या. "आपल्या मनात निराशेची भावना येते का?" समोरची बाई म्हणायची नाही. गावच्या गाव "नाही". मंग एका जुन्या आशाताईने आपल्या भाषेत इचारलं, "माय, कधी असं वाटते का, आपण नसतो तर बरं झालं असतं?" बाई दोन मिनिटं गप्प आणि मंग रडायलाच लागली. तेव्हापासून आम्ही छापील ओळ सोडून दिली. "मनात काही बरं-वाईट येते का" असं सुरू करतो, आणि येते म्हटलं की सरळ, "जीव द्याव वाटते का?" सुरवातीले जीभ अडखळते. असं इचारल्यानं डोक्यात विचार घुसते असं सगळ्यांले वाटते, पण ट्रेनिंगमध्ये सांगितलं आणि अनुभवही तोच आहे, इचारल्यानं ओझं उतरते.

आता सिस्टरच्या फोनबद्दल. फोन कोणाचा आहे ते आधी पहा. सिम नवऱ्याच्या नावावर, मोबाईल सासऱ्याच्या खिशात. तुम्ही दवाखान्यातून बोलते म्हणाल आणि त्या बाईचा पुढचा आठवडा वाईट जाईल. आम्ही लसीकरणाचं कार्ड नाहीतर लोहाच्या गोळ्या हातात घेऊन जातो. सासू दारातच बसून राह्यते. लेकराचं वजन करायले म्हणून बाईले अंगणात नेतो, मंग बोलणं होते.

लंडनचा_पाऊस (१२ सप्टेंबर, संध्याकाळी ७.४५)

इथे एनएचएसमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत, मानसरोग वॉर्डातून डिस्चार्ज झाला की ७२ तासांच्या आत कोणीतरी संपर्क करायचा असा नियम आहे, कारण पहिले काही दिवस सगळ्यात नाजूक असतात. सगळं आलबेल आहे असं समजू नका, प्रतीक्षायादीबद्दल मी वेगळा धागा काढू शकतो. पण किमान तो आकडा कुणाच्या तरी टेबलावर असतो आणि चुकला की विचारणा होते.

अवांतर: सॅन फ्रान्सिस्कोत जेरोम मोटो नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने ज्यांनी पुढचे उपचार नाकारले अशा ८४३ जणांपैकी निम्म्यांना पाच वर्षं नुसती छोटी पत्रं पाठवली. तुम्ही इथून गेलात त्याला काही दिवस झाले, बरे असाल अशी आशा आहे, वाटलं तर दोन ओळी लिहा, एवढाच मजकूर. ना सल्ला, ना अपॉइंटमेंटची तारीख. पत्र मिळालेल्या गटात पहिली दोन वर्षं आत्महत्या कमी झाल्या.

कोरडवाहू (१२ सप्टेंबर, रात्री ९.३०)

पत्रं पाठवा, फोन करा, चांगलंय. पण सोयाबीनला हमीभाव मिळाला तर तुमच्या फोनची गरजच पडणार नाही. सावकार दारात, बँकेची नोटीस दारात, आणि तुम्ही विचारणार "कसं वाटतंय?" आमच्या दुःखाचा आजार करून टाकू नका. मी बीड जिल्ह्यातला आहे, चार एकर, सगळी कोरडवाहू.

वऱ्हाडी_ठेचा (१२ सप्टेंबर, रात्री १०.१०)

दादा, तुमचं खोटं नाही. मी त्यात एक जोडतो. शेतकऱ्याच्या घरात असं झालं की एक लाखाच्या मदतीसाठी चौकशी बसते. पात्र की अपात्र. तीस हजार हाती, सत्तर हजार बँकेत ठेव. सातबारा नावावर पाहिजे, कर्ज बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं पाहिजे. बाई शेतात राबराब राबते पण सातबारा नवऱ्याच्या नावावर, मंग ती गेली तर ती शेतकरीच नाही. घरी शोक आणि दारात तलाठी कागद मागते. एका घरी गेलो तर ती मागं राह्यलेली बाई मले म्हणे, "अपात्र म्हणजे काय जी? तो मेला नाही का?"

त्या घरी तेराव्यानंतर कोणी जात नाही. आम्ही जातो ते आमच्या मनानं, त्याचं मानधन कोणत्याच फॉर्मात नाही.

ओपीडी_नंबर_२२ (१३ सप्टेंबर, सकाळी ७.५०)

कोरडवाहू, तुमच्याशी भांडण नाही. पण एनसीआरबीचे, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे, २०२२ चे आकडे बघा. देशात १,७०,९२४ आत्महत्या. महाराष्ट्र सगळ्यात वर, २२,७४६. शेतीतले, म्हणजे शेतकरी आणि शेतमजूर मिळून, ११,२९०. एकूण आकड्याचा चौथा हिस्सा रोजंदारीवाल्यांचा होता, त्यांच्यावर अग्रलेख कुठे येतात? आणि गृहिणी पंचवीस हजारांवर. कारणांत पहिलं कौटुंबिक प्रश्न, दुसरं आजारपण. हमीभाव हवाच. पण जी बाई पोटदुखी आणि नवऱ्याच्या दारूने टेकीला आली तिला हमीभावाने काय मिळणार?

शिवाय "पैशाचा प्रश्न की मनाचा" अशी वाटणी पेशंट करत नाही, आपण करतो. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत विश्राम नावाचा प्रकल्प झाला होता. गावातल्याच लोकांना शिकवून समुपदेशनाला लावलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणारे आधी शंभरात चार होते, दीड वर्षात सत्तावीस झाले. हे नुसत्या सायकियाट्रिस्टने झालं नसतं. नाशिक जिल्ह्यात पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजच्या मंडळींनी आत्मीयता नावाचा प्रकल्प सुरू केला, तोही याच धर्तीवर. तिथले गावातले कार्यकर्ते नुसतं ऐकून घेत नसत, पेन्शनचा फॉर्म, रेशनकार्ड, अपंगत्वाचा दाखला अशी कामंही करून द्यायचे. फॉर्म भरता भरता माणूस बोलतो. दादा, मला वाटतं तुमचा मुद्दा तिथे बसतो.

कोरडवाहू (१३ सप्टेंबर, सकाळी ९.००)

हे पटलं. फॉर्म भरून देणारा माणूस आला तर मी चहा पाजीन. समुपदेशक आला तर कामाचं निमित्त काढून रानात जाईन.

मेथीची_जुडी (१३ सप्टेंबर, दुपारी १२.४०)

[पद्धतीचा उल्लेख असलेलं एक वाक्य काढलं आहे. — संपादक]

आमच्या गावच्या पेपरला कोणीतरी सांगा. कसं केलं ते मथळ्यात, घराचा फोटो, वर "प्रेमभंगातून?" असं प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्ह टाकलं की सगळं माफ.

शिफ्ट_ए_बी_सी (१३ सप्टेंबर, रात्री ८.२०)

मी चाकणला एका कारखान्यात एचआरमध्ये आहे. कंपनीचं नाव सांगत नाही. आमच्याकडे ईएपी आहे, म्हणजे बाहेरच्या संस्थेचे समुपदेशक, फोनवर, गुप्त. पोस्टर कुठे लावलंय? एचआरच्या दारावर. म्हणजे ते वाचायला उभा राहिला तो सगळ्यांना दिसणार. मी ते काढून टॉयलेटच्या दाराच्या आतल्या बाजूला लावलं. पण खरी गोची निराळीच. ईएपी फक्त कायम कामगारांना. लाइनवर निम्म्याहून जास्त पोरं ठेकेदाराची. ती विदर्भ-मराठवाड्यातून आलेली, खोलीत सहा जण, आई-बाप कर्जात. ज्यांना हवं त्यांना नाही.

आता एक प्रसंग, त्यात चूक माझीच. एक ऑपरेटर असाच दवाखान्यातून परत आला. आम्ही "काळजीपोटी" त्याला नाइटमधून काढून दिवसपाळीला टाकलं, मशीनवरून उचलून स्टोअरला. त्याला विचारलंच नाही. नाइट अलाउन्स गेला, म्हणजे घरी पाठवायचे पैसे कमी. आणि स्टोअरमध्ये पहिल्याच दिवशी कोणीतरी विचारलं, "काय रे, तुला इकडे का टाकलं?" म्हणजे सगळ्या प्लांटला आम्हीच सांगितल्यासारखं झालं. दोन महिन्यांनी त्याने नोकरी सोडली. त्याचा सुपरवायझर मला म्हणाला, "सर, मी रोज डब्याला त्याच्या शेजारी बसत होतो, तेवढं पुरलं असतं." मला अजून ते वाक्य टोचतं.

आता आम्ही परत येणाऱ्या माणसाला तीनच गोष्टी विचारतो. काय बदलू? काय बदलू नको? कुणाला काय सांगू?

आणि हो, वसुलीवाल्यांचे फोन. लोन अ‍ॅपवाले थेट गेटवर, सुपरवायझरला फोन करतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये सांगितलंय की सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन चालणार नाहीत, धमकावणं तर नाहीच. आम्ही गेटच्या सिक्युरिटीला सांगून ठेवलंय, असा फोन कामगाराला जोडायचा नाही, नंबर लिहून एचआरला द्यायचा. एवढ्याने दोघा-तिघांची झोप परत आली.

खडू_डस्टर (१४ सप्टेंबर, सकाळी ६.३०)

शाळेतून दोन ओळी. सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे समुपदेशक हवा. आमच्याकडे ते पद पीटीच्या सरांकडे "अतिरिक्त कार्यभार" म्हणून आलंय. सर चांगले आहेत, पण मुलं त्यांना पाहिलं की आधी शर्ट खोचतात.

एक गोष्ट मात्र खरंच कामाला आली. दहावीची जून-जुलैतली फेरपरीक्षा, २०१५ पासूनची. पूर्वी नापास म्हणजे वर्ष गेलं. आता निकालाच्या दिवशी आम्ही पालकांना पहिलं वाक्य हेच सांगतो, "फेरपरीक्षा लगेच आहे, वर्ष जात नाही." घरी काय बोलायचं ते मुलाला तिथेच मिळतं.

अनामिक_वाचक (१४ सप्टेंबर, रात्री १.५०)

आयडी आजच काढला. नऊ वर्षांपूर्वी मी त्या बेडवर होतो. दवाखान्याचं नाव घेणार नाही, तिथे मला जिवंत ठेवलं.

तिथलं आठवतं ते असं. वॉर्डबॉय चादर बदलताना म्हणाला, "आम्हाला काय कमी कामं आहेत का?" एक डॉक्टर राउंडला आले, फाइल पाहिली, माझ्याकडे न बघता "बापाचा विचार केला असतास" म्हणून पुढे गेले. मी बापाचाच विचार करत होतो, हे त्यांना कोण सांगणार.

घरी आल्यावर पंधरा दिवस माणसांची रीघ, मग एकदम कोणी नाही. फोन करायची ती मामी. दर गुरुवारी, संध्याकाळी साडेसहाला. तिने एकदाही त्याबद्दल विचारलं नाही. "मेथी वीस रुपये झाली", "तुझ्या मामाने परत चष्मा हरवला". पहिले काही महिने मी फक्त हं हं करायचो. पण बुधवारी रात्री वाईट वाटायला लागलं की डोक्यात यायचं, उद्या गुरुवार आहे, उचलला नाही तर ती एसटी पकडून येईल. ती खरंच आली असती.

औषधंही घेतली, डॉक्टर चांगले मिळाले, ते नाकारत नाही. पण सिस्टर, तुम्ही विचारलं ना कोण करतं? माझ्याकडे मामी करायची. ती चौथी पास होती.

निवांत_काका (१४ सप्टेंबर, सकाळी ८.००)

वर मी जे लिहिलं ते मागे घेतो. संपादकांनी काढलं तरी चालेल.

अनामिक_वाचक (१४ सप्टेंबर, सकाळी ८.२५)

राहू द्या काका. असं बोलणारे खूप भेटतात, मागे घेणारे कमी.

ओपीडी_नंबर_२२ (१४ सप्टेंबर, संध्याकाळी ६.००)

गुरुवारचा फोन वाचून बराच वेळ काही लिहिलं नाही.

सिस्टर, तुमच्यासाठी एक साधन. डिस्चार्जच्या दिवशी पेशंटबरोबर बसून एक कागद भरायचा. माझी तब्येत बिघडायला लागली की मला आधी काय जाणवतं (झोप जाते, जेवण नको होतं, फोन बंद करतो). तेव्हा मी एकट्याने काय करू शकतो. कुठे जाऊन बसलं की बरं वाटतं, देऊळ, कट्टा, मित्राचं दुकान. कोणाला सांगू शकतो, नंबरासकट. दवाखाना आणि १४४१६. आणि शेवटी, घरात धोक्याची वस्तू असेल तर ती काही दिवस दुसऱ्या कोणाच्या ताब्यात. हा शेवटचा भाग घरच्यांबरोबर बोलायचा, कारण तो वाईट तास निघून जातो, फक्त त्या तासात हाताशी काही असता कामा नये. उत्तरं पेशंटच्या शब्दांत लिहायची, आपल्या नाही. एकाने लिहिलं होतं, "बैलाजवळ जाऊन उभा राहीन." तसंच ठेवलं.

आणि त्याला कृपा करून "चिठ्ठी" म्हणू नका. मी एकदा म्हणालो, "चिठ्ठी खिशात ठेव", तर बाहेर उभे असलेले हवालदार आत आले. कागद म्हणा.

खाकीतला_माणूस (१४ सप्टेंबर, रात्री ९.१५)

आलेच असतील. आम्हाला तो शब्द ऐकला की पंचनामा दिसतो.

लंडनचा_पाऊस (१५ सप्टेंबर, दुपारी ३.००)

केंद्राचं राष्ट्रीय धोरण नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं ना? २०३० पर्यंत आत्महत्या दहा टक्क्यांनी कमी करायच्या, पाच वर्षांत प्रत्येक जिल्ह्यात मानसोपचाराची ओपीडी. सिस्टर, त्याचा आधार घेऊन तुमच्या अधीक्षकांकडे लेखी मागा. तोंडी मागितलं की "बघू" होतं.

कॅज्युअल्टीवाली (१४ ऑक्टोबर, दुपारी ४.४०)

महिनाभर गायब होते, ड्युटी लावलीच तशी. आता काय झालं ते सांगते.

अधीक्षकांना लेखी दिलं. नाही म्हणाले नाहीत, हो पण म्हणाले नाहीत. "तुमच्या जबाबदारीवर करा" म्हणाले, मी ते हो धरलं. एक साधा बटणाचा मोबाईल घेतला, आम्ही चार सिस्टर मिळून रिचार्ज करतो. एक वही केली. वही ड्रेसिंगच्या कपाटात, कुलपात असते, कारण नावं आहेत.

डिस्चार्जच्या दिवशी पडदा ओढून पेशंटला एकट्याला विचारते, फोन केला तर चालेल का. चालेल म्हणाला तर वऱ्हाडीताईंनी सांगितल्याप्रमाणे पुढचे प्रश्न: कोणाच्या फोनवर करू, किती वाजता करू, दुसऱ्या कोणी उचलला तर काय सांगू. शेवटच्या प्रश्नाला प्रत्येकाचं उत्तर निराळं. एक म्हणाली, "शिलाई मशीनच्या क्लासमधून बोलतेय म्हणा." एक आजोबा म्हणाले, "कोणालाही काहीही सांगा, माझं कोणी विचारतच नाही."

आतापर्यंत वहीत नऊ नावं. दोघांनी नको म्हटलं, त्यांना कागद भरून दिला आणि १४४१६ मोठ्या अक्षरात लिहून दिलं. उरलेल्या सातांपैकी एकाचा फोन कायम बंद लागतो, त्यांच्या गावच्या आशाताईंना "खोकल्याचा पेशंट आहे, जरा बघून या" म्हणून सांगितलंय. एकाने पहिल्या दोन वेळा शिव्या दिल्या, तिसऱ्यांदा विचारलं, "तुम्हाला जेवायला सुट्टी असते का?" एकीला परत फार वाईट वाटत होतं, तिला डॉक्टरांच्या ओपीडीला पाठवलं, झोपेच्या डॉक्टरकडे म्हणून. गेली. तिची आई बरोबर गेली.

त्या सहा नंबरच्या मुलीचा पत्ता केस पेपरवर अर्धाच आहे. शोधतेय.

चुकाही झाल्या. एकदा गर्दीत मी रिसेप्शनजवळून फोन केला, मागे चार माणसं ऐकत होती. आता लिनन रूममधून करते. आणि मला बोलायचं काय ते सुचत नाही हो. "बरे आहात ना?" म्हटलं की "बरंय" येतं आणि दोघंही गप्प. मामींची युक्ती वापरते, पावसाचं विचारते, कापूस किती निघाला विचारते.

आता अडचण ही की दिवाळीत माझी चार दिवस रजा आहे, मुलीला घेऊन माहेरी जायचंय. तीन फोन त्याच दिवसांत येतात. नवीन सिस्टर करते म्हणाली, पण तिची त्या आठवड्यात नाइट आहे आणि फोन सगळे दुपारी चारचे. काय करू? रजा पुढे ढकलू का?

वऱ्हाडी_ठेचा (१४ ऑक्टोबर, संध्याकाळी ५.१०)

रजा कायले ढकलता. तुम्ही गेल्या नाही तर लेक रुसन. आणि नाइटवाली पोरगी चार वाजता झोपली राहीन, उठून तिनं काय बोलावं. त्या तिघाईले आत्ताच फोन करून इचारा, दिवाळीत सकाळी साडेसातला चालते का म्हणून. ड्युटी सुटायच्या आधी ती करून देईन.

कॅज्युअल्टीवाली (१४ ऑक्टोबर, संध्याकाळी ५.५५)

दोघांना चालतं. आजोबा म्हणाले सकाळी साडेसातला ते दूध घालायला जातात, आठला करा.